रॅम्पची कन्सेप्ट

वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांनो, तुम्ही एका खणखणीत जिभेच्या बाईला जिवंतपणी मारलंत. अंगाला हातही न लावता, नुसत्या एका शब्दानं.

शिंपीणबाई आपल्या सासूला चाकाच्या खुर्चीत बसवून पेन्शनच्या कचेरीत घेऊन आली. सासूबाई जिवंत आहेत, हे वर जाऊन दाखवायचं होतं. नाहीतर पेन्शन बंद, आणि म्हातारीची औषधं त्या पेन्शनवरच. कचेरी वर, सासूबाई खाली आणि मधे दगडी जिना.

"रॅम्प कुठाय हो?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"कन्सेप्ट आहे ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

ती तरातरा वर गेली. कारकुनाकडे कन्सेप्ट म्हणजे भिंतीवरचं रंगीत चित्र निघालं. त्यात हिरवळ होती, कारंजं होतं आणि रॅम्पवरून धावत जाणारा एक तरुण होता. इंजिनिअरकडे त्याच शब्दाचा अर्थ 'काम पूर्ण' असा होता. मोठ्या साहेबांनी तर चष्माच काढला. "बाई, रॅम्प ही वस्तू नाही, कन्सेप्ट आहे. माणसानं आधी मनानं चढावं."

"मन कधीच चढलंय साहेब. गुडघे खाली राहिलेत."

खाली सासूबाई वाटच बघत होत्या. "काय गं, रॅम्प आणायला गेलीस की बांधायला?"

रांगेतल्या दोघांना दया आली. त्यांनी खुर्ची उचलली, तोच कारकून धावत आला. "खाली ठेवा! उचलून आणलेला माणूस स्वतः हजर धरता येत नाही. उद्या कुणी मढंही उचलून आणेल!"

पुढच्या आठवड्यात निरोप आला, रॅम्प झाला. उद्घाटनाला सासूबाईच हव्यात. दोघी गेल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर रंगानं रॅम्प काढला होता, अगदी हुबेहूब, कठड्याच्या सावलीसकट. सासूबाईंच्या हस्ते फीत कापली, फोटो निघाला, टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंपीणबाईनं खुर्ची ढकलली. चाक पहिल्याच पायरीवर आपटलं.

सासूबाई सावरून बसल्या. "रॅम्प कन्सेप्टमधे, तर मीही कन्सेप्टमधे जिवंत आहे असं लिहून टाका की!"

"हयात असणं ही कन्सेप्ट नाही, आजी," कारकून गंभीरपणे म्हणाला. "त्याला प्रत्यक्ष वर यावं लागतं."

मुदत संपली. सासूबाई नियमानुसार वारल्या. फीत कापतानाचा त्यांचा फोटो आता जिन्याशेजारी लावला आहे : 'रॅम्पच्या पहिल्या लाभार्थी, कैलासवासी.' शिंपीणबाई औषधांसाठी दुकानात उधारी मागते, तर दुकानदार म्हणतो, "गेलेल्या माणसाला औषध कशाला?"

म्हातारी तरीही रोज येते. फोटोखाली खुर्ची लावून बसते आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला हटकते. वाचकहो, काल तुम्हीही वर गेलात. उद्घाटनाला टाळ्या वाजवणारे तुम्हीच ना? काल तुम्ही खुर्चीला वळसा घातलात, पायऱ्यांवरचा रंग न्याहाळलात आणि म्हणालात, "काय मस्त कन्सेप्ट आहे!"

तिनं मागून हाक मारली होती. तुम्हाला ऐकू आली होती. म्हातारी विचारत होती, "वर साहेब भेटले, तर मी जिवंत आहे म्हणून सांगशील का रे?"

सांगितलंत?