सुलतानाला ‘नाही’ म्हणणारे नाना

“पण माझ्याकडे दोन आहेत,” आतून नानांचा आवाज आला.

“तिसरा असू द्या ना, नाना. वरच्या मजल्यावर लावू.”

“घराला वरचा मजला नाही.”

“उद्या बांधलात तर?”

मग नाना म्हणाले, “तेही खरंच.”

मी लॅपटॉप छातीशी धरून ओट्यावर उभी होते. पाण्याचे फिल्टर विकणारा माणूस हसतमुखानं बाहेर पडला. मी आत गेले, तेव्हा नाना खुर्चीत बसून नव्या खोक्याकडे बघत होते. “चांगला होता बिचारा,” ते म्हणाले. “अर्धा तास बसला. चहा घेतला त्यानं.”

ज्यांना नाना माहीत नाहीत, त्यांना यात विशेष वाटणार नाही. या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट लिहिली आहे: साधा माणूस सत्तेसमोर उभा राहतो आणि ‘नाही’ म्हणतो. पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता नानांनी नऊ ऐतिहासिक नाटकं लिहिली. एका नाटकात किल्ल्याचा पहारेकरी सुलतानाच्या वकिलाला दार उघडत नाही. एकात टांकसाळीतला कारागीर चांदीत तांबं मिसळत नाही. एकात जल्लाद फाशीचा दोर हातात घेत नाही. नाट्यस्पर्धेत जळगाव केंद्रावर पहारेकऱ्याला उभं राहून टाळ्या पडल्या होत्या, हे देवपुरातल्या आमच्या गल्लीत अजून सांगतात. त्याच गल्लीत भाजीवाली सखूमावशी रोज सकाळी नानांच्या दाराशी टोपली उतरवते. “नाना, मेथी लई जा. कालनी शे, पन चांगली शे.” आणि कालची मेथी घेत नाना म्हणतात, “तेही खरंच.”

एकदा एकाच दिवशी तीन लग्नांची आमंत्रणं आली. सकाळी धुळं, दुपारी पारोळा, संध्याकाळी भुसावळ. नाना तिन्हीकडे गेले. तिन्हीकडे जेवले. पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरायचं त्यांना जमत नाही. तिसऱ्या पंगतीतल्या वरण-बट्टीनंतर त्यांचा पुढचा दिवस भुसावळच्या एका दवाखान्यात सलाईनखाली गेला. तिथं डॉक्टरांनी विचारलं, “अजून एक दिवस राहता का?” नानांनी काय उत्तर दिलं असेल, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

मी त्यांच्याकडे टायपिंगला कशी लागले, तेही सांगते. पुण्याहून शिकून मी घरी परत आले आणि घरातूनच एका कंपनीचं काम करू लागले. मला बोलायला फारसं आवडत नाही. आईला त्याची काळजी. नानांना त्यांची हस्तलिखितं कंप्युटरवर घालायला कोणीतरी हवं होतं. आईनं मला न विचारता माझं नाव सुचवलं.

मी घाबरले, कारण माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. मराठी मला वाचता येतं, पण जिना अंधारात उतरावा तसं. पहिल्याच दिवशी नानांनी मला एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. ‘विवेक’ मी सहज वाचलं, त्या नावाचा मुलगा आमच्या वर्गात होता. पण पुढच्याच ओळीत ‘सदसद्विवेकबुद्धी’ आली. मी चारदा पडले. कानशिलं तापली. उठून घरी जावंसं वाटलं.

नानांनी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “ज्या शब्दावर तू चारदा पडतेस, तो माझा पहारेकरी सुळावर जाताना कसा म्हणेल?” त्यांनी तिथं लिहिलं, ‘मला झोप लागणार नाही.’

तेव्हापासून मी रोज पाच वाजता जाते. आधी मोठ्यानं वाचते, मग टाइप करते. मी अडखळले की नाना ओळ बदलतात. माझ्या अडखळण्याचा कुणाला उपयोग झालेला मी प्रथमच पाहत होते.

एका रविवारी मी घरी पहारेकऱ्याचं नाटक टाइप करत होते. सवयीनं मोठ्यानं वाचत होते. “दार माझं नाही, वकीलसाहेब, म्हणूनच उघडता येत नाही. माझं असतं तर केव्हाच उघडलं असतं.”

आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. “हे काय वाचतेस?”

“नानांचं नाटक.”

“नानांचं कुठलं! हे अक्कांचं आहे.”

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. दीड वर्षापूर्वी गेल्या. मी तेव्हा पुण्यात होते. आईनं सांगितलं ते असं. शेजारचं कुटुंब गावाला जाताना किल्ली अक्कांकडे ठेवून गेलं होतं. आईचा मोठा कुकर त्या घरात अडकला होता आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. आई किल्ली मागायला गेली. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “किल्ली माझी नाही, म्हणूनच देता येत नाही. माझी असती तर केव्हाच दिली असती.”

“मी चार महिने बोलले नाही त्यांच्याशी,” आई म्हणाली. “आणि यांनी त्यावर बक्षीस मिळवलं!”

मग मी शोधतच सुटले. टांकसाळीतला कारागीर म्हणतो, “खोटं थोडं नसतं, महाराज.” सखूमावशीला विचारलं. ती टोपलीवर हात ठेवून हसली. “अक्कानी दूधवालाले सांगं व्हतं. तो म्हने, थोडं पानी पडस. अक्का म्हने, खोटं थोडं नही ऱ्हास, भाऊ.” जल्लादाचं वाक्य अक्कांनी गणपतीच्या मंडपासाठी ओट्यासमोरचा कडुनिंब तोडायला आलेल्या पोरांना ऐकवलं होतं. नानांनी लिहिलेल्या एकुलत्या एका चित्रपटात निर्मात्यानं त्या जल्लादाला लावणी बघायला बसवलं, तेव्हा नाना ‘तेही खरंच’ म्हणाले होते. पण नकाराचा प्रसंगच काढायची वेळ आली, तेव्हा म्हणे फोन अक्कांनी घेतला. प्रसंग राहिला.

हे सगळं मला कळलं आहे, असं मी नानांना कधी बोलले नाही. कसं बोलणार?

या पावसाळ्यात नानांना मुंबईहून एका ऐतिहासिक मालिकेचे भाग लिहायला मिळाले. गोष्ट त्यांचीच. गडावर एक लेखनिक असतो. त्याचा मित्र लढाईत मारला गेलेला असतो. सरदार सांगतो, तो मित्र गद्दार होता असं पत्र लिही, म्हणजे हार आमच्या माथी येणार नाही. नानांच्या आराखड्यात पुढं एकच ओळ होती, ‘लेखनिक नकार देतो.’

पण तो प्रसंग काही लिहून होईना. सरदाराची बाजू अठरा पानं झाली. सरदार इतकं छान समजावत होता, की वाचता वाचता मलाच ते पटायला लागलं. लेखनिकाच्या नावापुढे मात्र रिकामी जागा. मी रोज विचारायची, “आज पुढं?” नाना म्हणायचे, “उद्या.” शुक्रवारी भाग द्यायचा होता.

गुरुवारी मी गेले, तेव्हा फोन चालू होता. स्पीकरवर वाहिनीचा एक तरुण माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता. “नाना, लेखनिक नाही म्हणाला तर गोष्ट तिथंच संपते हो. त्यानं पत्र लिहू दे. मग पश्चात्ताप. पश्चात्तापावर आपण आरामात चार भाग काढू.”

“पण मग तो...”

“प्रेक्षकांना रडायला आवडतं, नाना.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. “तेही खरंच,” ते म्हणाले.

फोन बंद झाला. नानांनी स्वतः चहा केला आणि दोन कप आणून ठेवले. मी लॅपटॉप उघडला. ते बराच वेळ कपाचा कान फिरवत बसले.

“बेटा, तुला वाटत असेल, म्हातारा घाबरला.”

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

“घाबरलो नाही गं. मला ऐकूच येत नाही.” त्यांनी समोरच्या टेबलाकडे बोट केलं. “चाळीस वर्षं मी इथं लिहायला बसायचो. दारावर कोणीतरी यायचं, ती बोलायची. मी इकडे उतरवून घ्यायचो. माझी त्यात फक्त शाई होती. आता दारावर मीच जातो.”

कोपऱ्यात तीन फिल्टर एकावर एक ठेवलेले होते. त्यांच्यावर मिक्सर, दोन इस्त्र्या आणि भाजायची एक जाळी.

“ती माणसं येतात,” नाना म्हणाले, “आणि बसतात. नाही म्हटलं की लगेच उठून जातात.”

मी लॅपटॉप जवळ ओढला.

नानांनी डोळे पुसले नाहीत, फक्त चष्मा काढून पुन्हा घातला. खुर्ची सरकवली आणि सांगायला लागले. “घे. लेखनिक बोरू उचलतो. सरदार हसतो. लेखनिक कागदावर वाकतो आणि लिहितो, ‘माझा मित्र फितूर होता.’ पुढं पार्श्वसंगीत, ते लोक घालतील. लिही.”

माझी बोटं कळांवर होती. ‘लेखनिक बोरू उचलतो’ इथपर्यंत मी टाइप केलं. ‘सरदार हसतो’ही केलं. पडद्यावर ती काळी रेघ लुकलुकत राहिली. इतक्या दिवसांत नानांनी सांगितलेलं एकही वाक्य मी अडवलं नव्हतं. शाळेत नाही, घरी नाही, कुठंच मी कुणाचं काही अडवलं नव्हतं. चूक दिसली तरी गप्प बसायची मला सवय आहे. गप्प बसणाऱ्या मुलीला सगळे गुणी म्हणतात.

“‘माझा मित्र,’” नानांनी पुन्हा सांगितलं. “काय गं? कळलं नाही का?”

मी हात कळांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

“कळलं,” मी म्हणाले. “पण हे मी लिहिणार नाही, नाना. त्याचा मित्र फितूर नव्हता. हे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि आता मलाही माहीत आहे.”