हरीओमचा सायलेन्सर आणि शेषरावांची म्हैस

आपल्यासारखा सायलेन्सर अख्ख्या रिसोडात कोणी बनवत नाही, असं हरीओमचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाला स्वतःच्या पैशानं चहा पाजून तो हे मत पटवून देई. मोटारसायकलीचं हँडल असो, सीट असो की टाकी, कंपनीतून आलेली वस्तू त्याला परक्याचा सदरा घातल्यासारखी वाटायची!

म्हणून किन्हीराजा गावच्या शेषरावांनी आपली मुलगी योगिनी दाखवायला बोलावलं, तेव्हा हरीओमनं नवा शर्ट शिवायला टाकला नाही. नवा सायलेन्सर करायला घेतला.

"पोरगी तुले पाहणार हाय, का तुह्या धुराड्याले?" आई कस्तुराबाईनं विचारलं.

"माय, गाडीच्या आवाजावरून माणूस समजते! मोठा आवाज नाही करत मी, पोलीस धरते. गोड करतो. देवळातल्या घंटेवानी!"

आणि खोटं कशाला बोला, कामात पोरगा कसलेला होता. आधी त्यानं पुठ्ठा कापून गाडीला लावून पाहिला; पाय कुठे भाजेल, वळताना कुठे घासेल, सगळं बघितलं. मग लोखंडी नळीत वाळू ठासून भरली आणि तापवून वाकवली, म्हणजे वळणावर ती चेपत नाही. पत्रा गोल करून त्याचा डबा केला. डब्यात भोकं पाडलेली नळी बसवली आणि तिच्याभोवती आवाज पिऊन टाकणारा काचेचा कापूस गुंडाळला. गाडी चालू केली तर आवाज चांगला आला, पण गोधडीत तोंड घालून कोणी बोलावं तसा.

इथेच थांबला असता तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती! पण हरीओमचं डोकं चाललं. त्यानं अर्धा कापूस उपसून काढला आणि डब्याला शेवटी सनईसारखं तोंड जोडलं. उभ्या गाडीवर किक मारली. डुग, डुग, डुग! हरीओमनं डोळेच मिटले. रस्त्यावर फिरवून पाहायचं तेवढं राहिलं, कारण रंग वाळला तोच निघायच्या दिवशी सकाळी.

मालेगावपर्यंत गर्दीत गाडी हळू होती, म्हणून काही कळलं नाही. पुढे मोकळा रस्ता लागला. हरीओमनं तिसरा गिअर टाकला आणि मागून आवाज आला, "ओंऽऽयँऽऽ!"

"कोन रे?" मागच्या सीटवर बसलेली कस्तुराबाई दचकली.

"गाडी हाय, माय."

"गाडी काहून रडून राह्यली?"

हरीओमनं गाडी आणखी पळवली. गाडीनं आणखी मोठ्यानं गळा काढला. आईपासून चुकलेलं म्हशीचं वगारू जसं रेकतं, अगदी हुबेहूब तसा!

किन्हीराजाच्या अलीकडे एका डबक्यात म्हशी बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मान वर केली.

"हरी, ते म्हैस आपल्याकडे पाहून राह्यली."

"पाहू दे ना मंग!"

"अरे, उठली!"

"उठू दे!"

"बापा, पयून राह्यली रे! साऱ्याच पयून राह्यल्या!"

हरीओमनं आरशात पाहिलं. आरशात रस्ता नव्हताच, नुसती शिंगं होती! वेग वाढवला की वगारू जोरात रडे आणि म्हैस चवताळे. वेग कमी केला की म्हैस जवळ येई. शेवटी त्यानं गाडीच बंद केली. म्हैस धापा टाकत आली, सायलेन्सर हुंगला, तो गरम लागला, म्हणून मोठ्या मायेनं कस्तुराबाईचा नवा पदर चाटायला लागली.

"चालू कर!" कस्तुराबाई ओरडली. "आंधी चालू कर!"

शेषरावांच्या दारात भाऊबंद जमले होते. खुर्च्या मांडल्या होत्या, पोह्यांची परात वाफाळत होती. कोणीतरी हाक दिली, "पाव्हणे आले!" शेषराव टोपी सावरत पुढे झाले आणि रस्त्याकडे पाहतच राहिले.

"अरे, कितीक जन आणले?"

तेवढ्यात वऱ्हाड आत शिरलं! खुर्च्या उलथल्या. एक मामा पाण्याच्या टाकीवर चढले. परातीतले पोहे दोन घासांत संपले, वर लिंबूही गेलं. गोठ्यात बांधलेलं खरं वगारू ओरडलं, तेव्हा पुढची म्हैस थबकली, गाडीकडे एकदा फसवल्या गेलेल्या बाईसारखं पाहिलं आणि गोठ्यात निघून गेली.

"हे तं आपली भुरी!" शेषराव म्हणाले.

हरीओम अंगणात उभा होता. पँट चिखलानं माखलेली, कान तापलेल्या नळीसारखे लाल. सायलेन्सरसकट जमिनीत गेलो तर बरं, असं त्याला झालं. आणि नेमकी तेव्हाच योगिनी बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"आतमंधी काय भरलं?"

एवढं विचारताच हरीओम सगळं विसरला! उकिडवा बसून बोटानं मातीत त्यानं नळी काढली, भोकं काढली, कापूस काढला.

"थो कापूस अर्धा काढून टाकला मी."

"काहून?"

"आवाज गोड व्हावा म्हणून."

योगिनीनं ओढणी तोंडाला लावली आणि ती आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला. एकटीचा नव्हता.

पाहण्याचा कार्यक्रम तिथेच आटोपला. गावकऱ्यांनी गाडी चालू करू दिली नाही. हरीओमनं ती फाट्यापर्यंत ढकलत नेली. कस्तुराबाई पदर पिळत मागून चालत होती. फाट्यावर बोलली नाही, मालेगावात बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलायला जेवणापर्यंत थांबली नाही!

दुसऱ्या दिवशी शेषरावांचा फोन आला. हरीओमनं घाबरत स्पीकर लावला.

"पसंत हाय बरं का आमाले!"

कस्तुराबाईनं देवाला हात जोडले आणि साखरेचा डबा काढला. हरीओम तर लाजला.

"लय गुमान घरी आल्या म्हशी," शेषराव पुढे म्हणाले. "नाही तं डबक्यातून काढता काढता नाकी नऊ येते. तसाच एक माह्या गाडीले बनवून देता का?"

कस्तुराबाईनं फोन ओढून घेतला.

"अन् पोरीचं काय, भाऊ?"

"पोरगी म्हन्ते, अर्धा कापूस परत भर म्हना, आवाज सुदरवून दाखव. मंग पाहू."

फोन ठेवला. कस्तुराबाईनं डब्यातून साखरेची चिमूट उचलली, अर्धी परत डब्यात झाडली आणि उरलेली लेकाच्या जिभेवर ठेवली.

"एवढीच हाय आज," ती म्हणाली. "जाय, कापूस घेऊन ये."