खोबरं तुमचं, घोडा माझा

टेक्सासच्या आमच्या शुगर लँड गावात कुणाकडे पूजा असली, की नारळ वाढवायच्या वेळेला समोरचे दामूकाका हजर! प्रसादाला नव्हे हो, करवंट्यांना. "बरोब्बर मध्यावर फोड, पोरी! खोबरं तुमचं, घोडा माझा." नारळ वाकडा फुटला, की त्यांचा चेहरा असा पडायचा की मीच ओशाळायची.

काका पन्नास वर्षांपूर्वी टेक्सासला शिकायला आले. घरमालकिणीच्या रेडिओवर तेव्हा रोज संध्याकाळी जुन्या श्रुतिकांमधला एक गाणारा काउबॉय यायचा. झालं! काकांनी इंग्रजी त्याच्याकडून उचललं. अजूनही बँकेत गेले, की कॅशियरला जोरात "हौडी, पार्डनर!" ती बिचारी इथेच जन्मलेली, पण असं इंग्रजी तिच्या आजोबांनीही कधी झाडलं नसेल.

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी काकांची मराठी काउबॉय श्रुतिका ठरलेली. स्टेजवर चादर बांधायची आणि मागे बसून करायची. का, तर म्हणे "रेडिओला तोंड नसतं." गोष्टही तीच. काउबॉय रंगरावाला दरोडेखोर झाडाला बांधतात, बंदुका रोखतात, आणि रंगराव गायला लागतो. तिन्ही कडवी संपेपर्यंत एक जण गोळी झाडेल तर शपथ! मी एकदा म्हटलं, "काका, हे पटतं तरी का?" तर माझ्यावरच डाफरले. "गाणं चालू असताना गोळी झाडायला ते काय रानटी आहेत?"

गाणं, गोळ्या, दरोडेखोर सगळं काका. घोडा मात्र सुमनकाकूंचा. दोन करवंट्या पाटावर आपटून अशा टापा काढायच्या, की पुढच्या रांगेतली पोरं पाय वर घ्यायची. वर तोंडाचा पट्टा चालूच, तोही माइकवर. "अहो, सत्तरी उलटली, उतरा आता घोड्यावरून!" सगळ्यात मोठा हशा त्यालाच.

फेब्रुवारीत काकू गेल्या. यंदा श्रुतिका नाही असं आम्हीच धरून चाललो आणि आयटम कॅन्सलही केला. पण गणपतीत काका चादर घेऊन उभे! नाही कोण म्हणणार?

रंगरावाचं गाणं झालं, दरोडेखोर पळाले, आता दौडत घरी जायचं. आणि टापाच येईनात. पोरं कुजबुजायला लागली, "व्हेअर इज द हॉर्स?" मला राहवेना. मी उठून चादरीमागे गेले. काका एकटेच बसलेले. समोर पाट, शेजारी काकूंची रिकामी खुर्ची आणि तिच्यावर दोन करवंट्या, माझ्याच श्रावणातल्या सत्यनारायणाच्या. मी उचलायला गेले.

काकांनी माझं मनगट धरलं. माइकवर हात ठेवून म्हणाले, "नको पोरी. इतकी वर्षं बिचारी सांगत होती, मी ऐकलं नाही. आज उतरलो."

मी हात मागे घेतला. काकांनी माइकवरचा हात काढला. बसल्या जागी स्वतःची पावलं सावकाश आपटत ते गायला लागले, आणि रंगराव पायीच घरी निघाला.