विरोध नाही, एकमताने मंजूर!

“सूनबाई, एकदा सुरू केलेलं मध्येच सोडायचं नाही. मग ते व्रत असो, नाहीतर भांडण!”

माझे सासरे हे वाक्य येता-जाता म्हणायचे. त्यातलं भांडण मला कधी जमलं नाही. आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत बोलते! म्हणून मी व्रत धरलं. सासरे गेले त्या वर्षापासून, सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. आणि मौन म्हणजे मौन! मान डोलवायची नाही, खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठी लिहून दाखवायची नाही. या सगळ्या पळवाटा. देवालाच फसवायचं, तर व्रत कशाला? सरळ सोसायटीचं चेअरमन व्हावं!

तर आजवर भाजीवाल्याशीही कधी घासाघीस न केलेल्या मी, एके दुपारी आमच्या वकीलबाईंना छातीठोकपणे सांगितलं, “तुम्ही निर्धास्त राहा. कोर्टात मी एकही शब्द वाया घालवणार नाही!”

दिल्या शब्दाला मी जागले. पण इतकं जागायचं नव्हतं हो!

सगळं सुरू झालं लिफ्टवरून. आमची जुनी लिफ्ट म्हणजे रुसकी आजी. तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं, की दुसऱ्यावर थांबायची आणि दम खायची. तिच्या जागी नवी लिफ्ट घ्यायचा ठराव चेअरमननी मांडला. चेअरमनच्या मेहुण्याने ती पुरवली. उद्घाटनाला चेअरमननी स्वतः फीत कापली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांनी बेजार झालेल्या माझ्या सासूबाईंना पहिल्या फेरीचा मान मिळाला. जुनी खोड आठवून त्यांनी मुद्दाम तिसऱ्याचं बटण दाबलं. लिफ्ट दुसऱ्यावर थांबली आणि दम खाऊ लागली.

सासूबाईंनी आरशाच्या कोपऱ्यातला तडा बोटाने चाचपला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आपलीच! रंग लावून परत आली!”

आठवड्याभरात रंगाचे पोपडे निघाले. महिन्याभरात लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये जी अडकली, ती अडकलीच.

तेव्हापासून सासूबाई घरात अडकल्या. समोरच्या बागेत त्यांची शाळेतली मैत्रीण रोज संध्याकाळी बाकावर येऊन बसते. या वरच्या खिडकीतून हात हलवतात, ती खालून काठी हलवते. एवढीच भेट! एकदा खिडकीपाशी त्यांचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा मी म्हटलं, “आई, मी तुम्हाला खाली नेणार. शब्द देते.”

“लिफ्ट चालू झाल्यावर ना?” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी वर गेल्यावरच!”

मग मात्र आम्ही कोर्टात जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे खरं तर दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, तरी आवाज अजून मैदानभर जातो. त्यांनीच वकीलबाई गाठल्या.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “सोसायटीचा शेअर कुणाच्या नावावर आहे? लिफ्टने कोण चढतं-उतरतं, हे कोर्ट विचारत नाही. दाद मागायचा हक्क सभासदाचा!”

“मी अकरा वर्षं राहतोय तिथे!” मास्तर गरजले.

“भाड्याने?”

“हो, पण...”

“मग तुम्ही साक्षीदार व्हा, मास्तर. छान मोठ्याने साक्ष द्या.”

मास्तरांचा चेहरा फोडणी करपल्यासारखा झाला! बाकीच्या सभासदांपैकी निम्मे परदेशात, निम्मे चेअरमनच्या नात्यात. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. सासऱ्यांनी जाण्याआधी घराचा शेअर रीतसर माझ्या नावावर करून ठेवला होता. का, तर म्हणे, “माझा मुलगा स्वतःचा चष्मा डोळ्यांवर असताना शोधतो.” माझा नवरा शेजारीच उभा होता. त्याने चाचपून पाहिलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

अशी अख्ख्या इमारतीतली सगळ्यात हळू बोलणारी बाई सगळ्यात मोठी फिर्यादी झाली!

सुनावणी दुपारी तीनला होती. म्हणूनच तर मी ती बढाई मारली. पण ठरल्या दिवशी सकाळी फोन वाजला. वकीलबाई होत्या.

“काकू, गडबड झाली! सुनावणी अकराला घेतलीय. पोचताय ना?”

मी गप्प.

“हॅलो? काकू? आवाज येत नाहीये! येताय ना?”

मी गप्प.

“हा फोन ना, एकदा आपटलाच पाहिजे!” असं म्हणून त्यांनी बहुधा तो आपटलाच, कारण पुढे खडखडाट ऐकू आला.

मी साडी बदलून जिना उतरले. खाली मास्तर वाट पाहत होते. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं.

“काकू, आजच्या दिवस सोडा ना मौन! देव काय रागावणार आहे?”

मी पुढे चालू लागले.

“अहो, लिफ्टचा प्रश्न आहे!”

मी चालतच राहिले. मला काय कळत नव्हतं? खिडकीतला तो हलणारा हात मला जन्मभर पुरला असता. पण सासूबाईंनीच निघताना कानात सांगितलं होतं, “माझ्यासाठी व्रत मोडलंस, तर मी उडी मारून खाली जाईन!” त्यांच्या गुडघ्यांत उडी राहिलेली नाही, हे खरं. तरी मी धास्तावलेच.

कोर्टात पोचलो. चेअरमन पहिल्या रांगेत, केसांना तेल लावून, परीटघडीच्या कपड्यांत. भिंतीवर घड्याळ. जगात पहिल्यांदाच एक फिर्यादी पक्ष आपलं प्रकरण लांबावं म्हणून देवाचा धावा करत होता! वकीलबाईंनी सुरुवातीचं निवेदन इतकं सावकाश वाचलं, की शिपायाने दोनदा जांभई दिली. मास्तरांनी चष्मा पाडला, शोधला, पुन्हा पाडला. न्यायाधीश म्हणाले, “तुम्ही तो बांधून घ्या.” आणि घड्याळाचे काटे? जणू चेअरमनच्या मेहुण्यानेच पुरवलेले!

मग चेअरमनचे वकील उठले.

“साहेब, या बाईंना दावा करायचा हक्कच पोचत नाही! लिफ्टचा ठराव झाला, त्या रविवारी सकाळी दहाच्या सभेला त्या स्वतः हजर होत्या. ठराव वाचला, विरोध कुणाचा म्हणून विचारलं. बाई गप्प! एकमताने मंजूर! स्वतःच संमती दिली आणि आता फसवणूक म्हणतात?”

आणि ते खरं होतं! आमची सभा नेहमी रविवारी सकाळी दहाला व्हायची. चेअरमन ठराव वाचायचे, “विरोध?” असं विचारायचे आणि श्वास घ्यायच्या आत “नाही!” म्हणायचे. मास्तर ओरडले, तर त्यांचं ठरलेलं उत्तर, “तुमचा आवाज मोठा, पण शेअर नाही.” आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसायचे. मला वाटायचं, किती सभ्य माणूस!

न्यायाधीश माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही त्या ठरावाला संमती दिली होती का?”

घड्याळात बाराला वीस कमी. मी गप्प.

“तुम्ही सोसायटीच्या सभासद आहात ना?”

मी गप्प. मास्तर मागे दातओठ खात होते. वकीलबाईंना आता कुठे सकाळच्या फोनचा उलगडा झाला असावा, कारण त्यांनी कपाळाला हात लावला.

“बाई, हा दावा तुमचाच आहे ना? की कुणी तुम्हाला पुढे केलंय?”

मी देवाचं नाव घेतलं. अर्थात मनात.

आणि तेवढ्यात चेअरमनना राहवलं नाही! विजय समोर दिसत होता. त्यांचे वकील कोट ओढत होते, तरी ते उठलेच.

“साहेब, वेळ घालवू नका! त्या नाही बोलणार! बारा वाजेपर्यंत मौन असतं त्यांचं. कितीतरी वर्षांचं व्रत आहे. मान हलवत नाहीत, खूण करत नाहीत. घराला आग लागली तरी बारापर्यंत ब्र काढायच्या नाहीत! सगळ्या इमारतीला माहीत आहे. काढून टाका दावा!”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

“सगळ्या इमारतीला माहीत आहे?”

“अगदी पोरासोरांनाही!”

“तुम्हालाही?”

“म्हणजे काय! मी तर...”

“मग सकाळी दहाच्या सभेत त्यांची संमती तुम्ही कुठून आणली?”

चेअरमनचं तोंड उघडं राहिलं. त्या क्षणी कोर्टात दोन माणसं मौनात होती, आणि त्यातली एकच देवासाठी!

मास्तरांनी टाळी वाजवली. न्यायाधीश म्हणाले, “बाहेर जा.” मास्तर बाहेर जाऊन वाजवत राहिले. आतपर्यंत ऐकू येत होतं.

न्यायाधीशांनी सांगितलं, शेअर बाईंच्या नावावर आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. बाईंना दाद मागायचा पूर्ण हक्क आहे. दावा चालेल.

बारा वाजले. वकीलबाई माझा हात धरून नाचत होत्या. “काकू, जिंकलो! आता बोला, काहीतरी बोला!”

मी म्हटलं, “मग लिफ्ट कधी चालू होणार?”

वकीलबाईंचं नाचणं थांबलं. “नाही, ते... आज फक्त तुम्हाला भांडता येतं, एवढं ठरलं. भांडण पुढच्या तारखेपासून.”

“आणि तारीख?”

“पावसाळ्यानंतरची असेल बहुतेक.”

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. चेअरमनच्या उघड्या तोंडाची नक्कल त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतली. तारखेचं ऐकल्यावर मात्र त्या खिडकीशी जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थना आटोपून स्वयंपाकघरात आले, तर सासूबाई दारात उभ्या. ठेवणीतली साडी, पायात चपला, हातात काठी. मैत्रिणीला फोन करून सकाळीच बागेत बोलावलंही होतं म्हणे!

“ठराव मांडते,” त्या म्हणाल्या. “जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवायची, बसत बसत उतरायचं आणि आजच बागेत जायचं. विरोध कुणाचा?”

मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे दहा!

“विरोध नाही. एकमताने मंजूर!” सासूबाईंनी श्वास घ्यायच्या आत जाहीर केलं.

कोर्टाने कालच सांगितलं होतं, की गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. पण ते सासूबाईंना सांगणार कोण? आणि बाराच्या आधी कसं?

मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि हळूच जिन्याकडे निघाले.