व्याह्यांनी वाचलेली कादंबरी

"कसला कद्रू माणूस आहे हा," विहीणबाई म्हणाल्या आणि व्याह्यांचं वाचन पान एकोणीसवर अडलं.

कद्रू म्हटलं होतं ते कादंबरीतल्या स्टोअरकीपरला. एका कारखान्याची कादंबरी. तिच्यातला स्टोअरकीपर जुना बल्ब दाखवल्याशिवाय नवा देत नसे आणि हातमोजे मागायला आलेल्याचे आधी हात बघत असे. यात कद्रूपणा कुठे आला, हे व्याह्यांना कळेना. त्यांनी स्वतः तेहेतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं आणि तेहेतीस वर्षं जुना बल्ब बघूनच नवा दिला होता. फुकट मिळतंय म्हटलं की निम्मं जग एकाच्या जागी दोन मागतं. त्या जगाला अडवायला एक माणूस खिडकीशी बसलेला असतो, म्हणून कारखाने चालतात. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हे कुठून कळणार? त्यांनी जन्मात साधे स्क्रू मोजलेले नसतात.

पण व्याही गप्प बसले, कारण मुलीनं तसं बजावलं होतं. तिच्या सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा आणि महिनाभर वाचन बंद. निवृत्त मुख्याध्यापिकेला वाचन बंद म्हणजे घराला शिक्षा. म्हणून मुलगी वडिलांना म्हणाली होती, "बाबा, रोज चारला येऊन तासभर वाचून दाखवा. फक्त वाद घालू नका. मला या घरात राहायचंय."

मुलीच्या लग्नानंतरच्या सहा वर्षांत या घरात व्याह्यांना 'बसा' आणि 'चहा घेणार ना' यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. विहीणबाई बोलायच्या तेव्हा आपली वही तपासली जातेय असं त्यांना वाटायचं. आता त्याच विहीणबाई चार वाजले की दाराकडे कान लावून बसत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगला आहे हो." व्याह्यांनी घरी जाऊन बायकोला हे दोनदा सांगितलं. तो मान घालवायचा नव्हता. पण 'कद्रू' हा शब्दही घशाखाली उतरेना.

'कद्रू' ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या भागात स्टोअरकीपर तापानं फणफणलेल्या कामगाराला एका सहीसाठी तीन खेपा घालायला लावतो. व्याह्यांनी तेवढा परिच्छेद गाळला. कोणाचंच काही बिघडलं नाही. मग कारखान्याच्या कँटीनमधली मावशी आली. ती सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढते. विहीणबाई खूश झाल्या. "ही बाई मला आवडली. तोंडावर बोलते."

व्याह्यांना राहवलं नाही. आवाज न बदलता त्यांनी वाचलं की स्टोअरकीपरनं स्वतःच्या हातातले मोजे काढून एका गरीब कामगाराला दिले.

"दाखवायला दिले असतील," विहीणबाई म्हणाल्या.

त्या रात्री व्याही नीट जेवले नाहीत.

पुढचं संकट पान एकशे बारावर होतं. व्याही पुस्तक घरी नेऊन सकाळी पुढचा भाग वाचून ठेवत, म्हणून ते आधी दिसलं. स्टोअरमधून बेअरिंग नाहीशी होतात आणि मावशी ती स्टोअरकीपरच्या जेवणाच्या डब्यात पकडते. तेहेतीस वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हा लेखक! हे वाचलं की विहीणबाई काय म्हणणार तेही व्याह्यांना ऐकू आलं: "मला वाटलंच होतं." ते व्हायला नको असेल तर चोर दुसरा शोधायला हवा होता. फोरमनची त्या दिवशी रजा होती. मॅनेजर परगावी. उरली कोण? मावशी.

चार वाजता बेअरिंग कँटीनमधल्या पिठाच्या डब्यात सापडली.

विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचताना डबा साखरेचा झाला.

"मघाशी पीठ होतं."

"पिठाखाली साखर होती," व्याही म्हणाले. घाम पुसायला रुमाल खिशात नव्हता.

त्यानंतर मात्र ते सकाळी वही घेऊन बसू लागले. मावशीनं चोरी केली तर कारण हवं. म्हणून ती हावरट झाली. हावरट झाली म्हणून कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडू लागली. किल्ली लावणारी बाई सुनेशी काय बरं वागणार? तेव्हा ती सुनेनं केलेला चहा तीन-तीनदा परत पाठवू लागली. हे सगळं व्याह्यांना भराभर सुचत गेलं. कुठून सुचतंय हे त्यांनी बघितलंच नाही. स्टोअरकीपर तिकडे इतका सज्जन झाला की कामगार त्याला विचारल्याशिवाय मुलांची नावं ठेवेनात.

पानांचा आवाज व्हायला हवा म्हणून व्याही मधूनमधून पान उलटत. बाविसाव्या दिवशी पानं संपली, गोष्ट संपेना. मग ते उलट्या बाजूनं निघाले आणि शेवटी पुस्तक काखेत मारून वहीचीच पानं उलटू लागले. एके दिवशी मुलगी लवकर घरी आली, दारात उभी राहून ऐकलं आणि त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"बाबा, काय वाचताय?"

"कादंबरी."

"ती तुमच्या काखेत आहे."

व्याह्यांनी सगळं सांगितलं. मुलगी कपाळाला हात लावून ओट्याला टेकली. डॉक्टरांनी सोमवारपासून वाचायला परवानगी दिली होती आणि पुस्तक ग्रंथालयाचं नव्हतं, याच घरातलं होतं. परत करून सुटण्याची सोय नव्हती.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी विहीणबाईंचा फोन आला, चार वाजता या. व्याही इस्त्रीचा शर्ट घालून गेले. विहीणबाई पट्टीशिवाय खुर्चीत बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर. मुलीनं स्वयंपाकघरात काम काढलं होतं, पण भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"वाचली," विहीणबाई म्हणाल्या. "मावशीनं काही चोरलेलं नाही."

व्याह्यांनी जमिनीकडे बघितलं. "तुम्ही त्या स्टोअरकीपरला कद्रू म्हणालात. चोर म्हणायच्या आत मला काहीतरी करणं भाग होतं."

"अहो, मी त्याला म्हणाले. तुम्हाला कुठे म्हणाले?"

"मला लागलं."

"आणि मला?" विहीणबाईंनी कमरेची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. "ही कोणाची? सुनेचा चहा कोण परत पाठवतं? पट्टीआड पडून विचार करत होते, आमच्या घरातलं या लेखकाला कोणी सांगितलं. सुनेवरच संशय घेतला. चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग म्हटलं, छापून आलंय म्हणजे काहीतरी असेल. पाचव्या दिवसापासून येईल तो चहा निमूट पितेय. साखर कमी असली तरी."

आत एक पेला पडला आणि गडगडत गेला.

व्याही उठले. "चुकलं माझं. निघतो मी."

"माझ्या मावशीला चोर ठरवून तसेच निघालात? बसा. आज मी वाचते."

त्यांनी चष्मा चढवला, पान एकशे बारा काढलं आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचायला घेतलं. स्टोअरकीपर पकडला गेला. डब्यात अकरा बेअरिंग निघाली. पुस्तकात सात होती. मग त्याच्या घराची झडती झाली. पुस्तकात झडती नव्हतीच. माळ्यावर कारखान्याच्या साबणाच्या बावन्न वड्या मिळाल्या.

"बावन्न फार होतात," व्याही हळूच म्हणाले.

"मग चोरायच्या कशाला?" विहीणबाईंनी नजर न उचलता पान उलटलं.

मुलगी चहा घेऊन आली, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि तीही टेकली. पोलीस दाराशी आले होते आणि स्टोअरकीपर साबण घेऊन न्हाणीघरात लपला होता. भल्या माणसाची अशी बेअब्रू चालली असताना व्याह्यांनी तिथेच हरकत घ्यायला हवी होती. पण ती कादंबरी पाठ असूनही पुढे काय होणार ते त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी चहा उचलला आणि कान दिला.