ठेंगूचा दुसरा भाग

टीव्हीशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. क्रिकेटची मॅच असली की सणसवाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत दर दारातून कुणी ना कुणी पंचाची अक्कल काढत असायचा. पण टीव्हीतल्या चित्रांना ओठ आवळून ‘हुर्रर्र, हुर्रर्र’ करत मेंढरांसारखं हाकणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे धुळाआप्पा. आणि ते हाकायचे तेही व्हिडिओ गेममधल्या प्राण्यांना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मांडवगण फराट्याहून येऊन सणसवाडीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो होतो. धुळाआप्पा त्याच कंपनीच्या गेटवर होते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, मिशा अशा की आलेल्या साहेबानं आधी मिशांना नमस्कार करावा आणि मग आत जावं. अंगावर वॉचमनचा खाकी ड्रेस आणि पायात जाड वहाणा. कंपनीनं त्यांना बूट दिले होते. ते त्यांनी केबिनच्या खिडकीत मांडून ठेवले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. “बुटात पायाला जिमीन कळत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. सणसवाडीच्या काँक्रीटमध्ये कळण्यासारखी जमीन कुठे शिल्लक होती, ते त्यांनाच ठाऊक.

शिफ्ट सुटली की कंपनीची बस आप्पांच्या परवानगीशिवाय हलत नसे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा आणि आप्पा गेटमध्ये आडवे उभे. “मागं कोण ऱ्हायलं का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा प्रेस शॉपचा गणेश दिसेना म्हणून त्यांनी सगळी बस थांबवून ठेवली. आम्ही आत घामानं निथळतोय, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं आपटतोय आणि आप्पा संडासापर्यंत जाऊन हाका मारतायत. गणेश मित्राच्या मोटरसायकलवर बसून कधीच शिक्रापूरला पोहोचला होता आणि घरी पिठलं-भाकरी खात होता. दुसऱ्या दिवशी त्याला आप्पांनी असं फैलावर घेतलं की बिचारा पुढे रजेवर असला तरी गेटवर येऊन सांगून जायचा.

कंपनीच्या समोर, रस्त्यापलीकडे सतीशचं गेमचं दुकान होतं. पत्र्याची खोली, दोन टीव्ही, त्यातला रंगीत एकच. कॅसेटला फुंकर मारायची, मशीनमध्ये खोचायची आणि सुरू. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी तिथे जत्रा असायची. आमचा सगळ्यांचा जीव एका गेमवर होता. त्याचं खरं नाव जपानी अक्षरांत होतं, त्यामुळे कुणालाच वाचता आलं नाही. आम्ही त्याला ‘ठेंगू’ म्हणायचो. निळा सदरा घातलेला एक ठेंगू उजवीकडे पळत सुटतो. वर घड्याळ चालू असतं. गवतातून कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे प्राणी येतात, त्यांच्या टाळक्यावर पाय द्यायचा, की ते टुंक करून फुटतात. मागे वळता येत नाही, कारण पडदाच पुढे सरकत राहतो. फार थोर गेम होता. मी त्यात नाव काढलेला माणूस होतो, हे इथे विनयानं सांगून ठेवतो.

मग सतीशनं ठेंगूचा दुसरा भाग आणला. पहिल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कॅसेट लावली आणि थोड्याच वेळात सगळ्यांची तोंडं उतरली. घड्याळ गायब! दुश्मन गायब! ठेंगू पळेचना, संथ चालायचा. वाटलं तर मागेही जायचा. बटण दाबलं की ठेंगू शीळ घालायचा आणि तेच बोळे, ज्यांची आम्ही टाळकी फोडायचो, गवतातून बाहेर येऊन मुकाट त्याच्या मागे चालायला लागायचे. का, ते कुणालाच कळेना.

“पहिला वाला गेम था, भइया,” आमचा वेल्डर रामदुलार म्हणाला. “ये तो ससुराल का रास्ता है, कटता ही नहीं.”

गणेशचं मत वेगळं, पण निकाल तोच. “दुश्मनच न्हाई, तर जितायचं कुणाला?”

मी स्वतः जरा अभ्यासू भाषण केलं. चाललेल्या गाड्याला कशाला हात लावायचा, लोकांना जे आवडलं तेच परत द्यावं, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांत दुसरा भाग फळीवर जाऊन पडला.

तो पुन्हा चालू झाला तो धुळाआप्पांमुळे. एका गुरुवारी दुपारी कुणाचा तरी विसरलेला डबा द्यायला ते दुकानात आले. सतीश पडदा पुसता पुसता तीच कॅसेट लावून बघत होता. पडद्यावर ठेंगू चाललेला, मागे बोळ्यांची रांग. आप्पा दारातच थांबले. मग हळूच आत आले, वहाणा काढल्या आणि खाली मांडी घालून बसले. “ती मागली लंगडतीया,” ते म्हणाले. आम्ही पाहिलं. खरंच, शेवटचा बोळा जरा अडखळत चालत होता. इतके दिवस आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून गुरुवारची दुपार आणि रंगीत टीव्ही आप्पांचा. ते खेळायचे म्हणणं कठीण आहे. रिमोट दोन्ही हातांत, भाकरी धरावी तसा. ठेंगू चार पावलं चालला की थांबवायचे. लंगडा बोळा गाठेपर्यंत पुढचं पाऊल नाही. “हुर्रर्र... ये, ये. दमानं.” त्या गेममध्ये संध्याकाळ व्हायची. आभाळ जांभळं पडायचं, वाजणारी धून मंद व्हायची. खालचं बटण दाबलं तर ठेंगू झाडाखाली बसायचा आणि बोळे त्याच्याभोवती गोल करून डोळे मिटायचे. इतरांना वाटायचं मशीन अडकलं. आप्पा मात्र दर संध्याकाळी त्यांना बसवायचे आणि पडद्यावर उजाडेपर्यंत स्वतःही हलायचे नाहीत. बाहेर नगर रस्त्यावर ट्रक धडधडत, पत्रा तापलेला, आत अर्धवट काळोख आणि पंख्याची घरघर. मी पहिल्या भागाचा कट्टर माणूस, पण त्यांच्या शेजारी बसून माझेही डोळे जड व्हायचे. आपणही कुठल्या तरी माळावरून कुणाच्या तरी मागे चाललो आहोत आणि कुठेच पोहोचायचं नाही, असं वाटत राहायचं. फार बरं वाटायचं ते.

“आप्पा, काय ठेवलंय ह्या भागात?” मी एकदा विचारलंच.

“आन् पयल्यात काय ठेवलंय? त्यो ठेंगू काय चोर हाय का, सारखा पळतोय? ह्यात मागं जाता येतंय बघा. मागं जाता आल्यावर माणसाला आनखी काय पायजे?”

पण गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. रंगीत टीव्ही अडतो, म्हणाली. दौंडचा एक माणूस जुन्या कॅसेटी घेऊन नव्या द्यायचा. त्यानं सतीशला मारामारीच्या नव्या गेमचं गाजर दाखवलं. बदल्यात ठेंगू दोन. सतीश तोंडाचा फटकळ, पण मनाचा वाईट नाही. त्यानं आप्पांना चहा दिला आणि म्हणाला, “आप्पा, लोकं म्हणत्यात ह्या गेमला शेवटच न्हाई. पुढच्या गुरुवारी सगळ्यांदेखत शेवट दाखवा. कॅसेट ऱ्हाईल. न्हाईतर दौंडवाल्याला देतो.”

तो आठवडा आप्पांना फार जड गेला. गेटवर ट्रक तपासता तपासता मधेच मला हाक मारायचे. “त्या डोंगराच्या पल्याड काय आसंल हो?” कॅसेट गेली तर काय, या काळजीनं ते एकदा साहेबांच्या गाडीला सलाम करायचाही विसरले. मी त्यांना दोन-तीन वाटा सुचवल्या. माझं पहिल्या भागाचं पुण्य कुठे तरी कामी यायलाच हवं होतं.

गुरुवारी दुकान भरून दाराबाहेर माणसं उभी. आप्पा सकाळीच अंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून आले, मुलगी बघायला निघाल्यासारखे. डोंगर चढले, घाट उतरले, पडद्यावर दोन-चार संध्याकाळी झाल्या. कुरकुर करणारी माणसंही हळूहळू गप्प झाली. आणि एका वळणानंतर नदी लागली. नदीत होडी. पैलतीरावर एक मोठी कमान लुकलुकत होती आणि तिच्यामागे दारूकाम उडत होतं. शेवट! अक्षरं वाचता आली नाहीत तरी एवढं रामदुलारलाही कळलं. “उस पार गए तो खतम, आप्पाजी!”

आप्पांनी ठेंगूला होडीत चढवलं. बोळे काठावर आले. होडीत एकच जागा होती. एक बोळा पाण्याशी आला, मागे सरला. दुसरा आला. लंगडा अजून मागेच होता. धून थांबली. होडी बटणाची वाट बघत डुलत राहिली.

“दाबा, आप्पा!” सगळे ओरडले. मीही ओरडलो. सतीश तर खुर्चीवर चढला होता. त्यालाही कॅसेट ठेवायचीच होती, हे मला तेव्हा दिसलं.

आप्पा म्हणाले, “ती बघा कशी बघत्यात.”

त्यांनी ठेंगूला होडीतून खाली उतरवलं, बोळ्यांमध्ये नेऊन बसवलं आणि रिमोट जमिनीवर ठेवून बाहेर पडले. मागे एकच हलकल्लोळ झाला.

मी त्यांच्या मागे गेलो. ते कंपनीच्या भिंतीलगत लिंबाखाली उभे होते. मी जरा रागातच म्हणालो, “आप्पा, चित्रं हायत ती. एवढ्या जवळ जाऊन?”

ते रस्त्याकडे बघत होते. मग बोलायला लागले, माझ्याशी असं नाही.

“आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की कोकनच्या वाटंला लागायचो. घोड्यावर बिऱ्हाड, रात्री कुनाच्या बी वावरात मेंढरं बसवायची. चालणं म्हंजीच घर. मंग कालव्याचं पानी आलं. बा म्हनला, आता जिमीन कसायची. मेंढरं इकली. ट्रक आला. पर ती फळीवर चढंनात. यापाऱ्यानं मारलं, तरी न्हाईत. मला मिसरूड बी नव्हतं फुटलं. बा म्हनला, धुळा, तू चढ, तुझ्या मागनं येत्याल. मी चढलो. हुर्रर्र केलं. समदी आली. लंगडी बी आली, सगळ्यात शेवटाला. मी कडंनं खाली उतारलो आन् त्यांनी फळी लावली.”

मग ते माझ्याकडे वळले. “मला हुडकत आसत्याल ना ती, ट्रकात?”

मला रडू आलं, म्हणून मी चहा आणायला गेलो.

ही गोष्ट मी सतीशला सांगितली. तो फटकळ माणूस, त्यानं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाला, “राहू दे मग कॅसेट.” पण पुढच्या गुरुवारी आप्पा दुकानात आले तेव्हा दौंडचा माणूस पिशवी घेऊन दारात बसलेलाच होता. सतीशनं त्याला परत पाठवायला तोंड उघडलं, तर आप्पांनीच अडवलं. “सबूद म्हंजी सबूद. न्हेऊ द्या. येवढं एकदा लावा फकस्त.”

सतीशनं कॅसेटमध्ये राखून ठेवलेला गेल्या गुरुवारचा खेळ पुन्हा लावला. नदीचा काठ आला. आप्पांनी ठेंगूचं तोंड डावीकडे वळवलं आणि निघाले. परत घाट, परत डोंगर. पडद्यावर संध्याकाळ झाली की बसले, उजाडलं की उठले. लंगड्यासाठी थांबले. दौंडच्या माणसाला एसटी गाठायची होती, त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग त्यानंही चपला काढल्या आणि आत येऊन बसला. दुपार कलली. आणि जिथून गेम सुरू होतो तो गवताचा माळ आला. बोळे गवतात पांगले, चरायला लागले. आप्पांनी ठेंगूला त्यांच्या मधोमध बसवलं. लंगडा येऊन त्याच्या पायाशी टेकला.

“पोचली,” आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. “आता मी उठलो की ती बी उठत्यात, माझ्या मागं येत्यात. म्हून मी हितंच बसतो. सतीशराव, बटन तुमी बंद करा.”

सतीश उठला. दुकान त्याचं, टीव्ही त्याचा, पण बटण सापडायला त्याला फार वेळ लागला.