आठ जावई आणि एक बस

शनिवारी सकाळी आठ वाजता फुटबॉलची टीम बसमध्ये चढत होती. बस चालवायला नोरीन होती. आमच्या वस्तीच्या दवाखान्यात नर्स म्हणून येऊन तिला नऊ दिवस झाले होते आणि मोठी गाडी चालवण्याचा परवाना वस्तीत तिच्या एकटीकडे होता. नऊ दिवसांत तिला नातं द्यायचं मात्र राहून गेलं होतं. आमच्याकडे बिननात्याचा माणूस नसतो. नवी बाई आली की कुणीतरी तिला बहीण म्हणतं नाहीतर मुलगी, आणि मग बाकीच्यांची ती कोण, हे आपोआप ठरतं. या वेळी सगळे उपान्त्य सामन्याच्या नादात होते.

कप्तान क्लिफ्टनची अडीच वर्षांची शानिका आईच्या, रोझलिनच्या कडेवर होती. नोरीनने तिला संत्र्याची फोड दिली. शानिकाने फोड तोंडात घातली, नोरीनकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, "जाजा!"

जाजा म्हणजे आईची आई.

क्लिफ्टनचा एक पाय पायरीवर होता. तो त्याने काढून घेतला आणि तोंड फिरवलं. पोरीची जाजा म्हणजे त्याची सासू. आमच्याकडे जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याबरोबर एका गाडीत तर बसायचंच नाही. त्याच्यापाठोपाठ त्याचे सात भाऊ उतरले. त्यांतले सख्खे दोनच, पण चुलत आणि मावस हेही आमच्याकडे भाऊच, त्यामुळे त्यांचीही ती सासू झाली. अठरातले आठ गेले.

"काय झालं? पंक्चर?" नोरीनने विचारलं.

आठही जण जमिनीकडे बघत राहिले.

झाडाखाली बसलेल्या लोर्ना आजीला बोलावलं. असले घोळ तीच निस्तरते.

"आजी, तीनशे किलोमीटर जायचंय," क्लिफ्टन बसकडे पाठ करून म्हणाला. "दोनपर्यंत नाही पोचलो तर आपण स्पर्धेतून बाद."

"घाबरतोस काय रे," आजी म्हणाली. "कुत्रा, पाणी, पाव हे शब्द पोरांना लगेच येतात. बोट दाखवलं की झालं. नात्याला बोट कसं दाखवणार? मी तुझी आजी, हिची पणजी, रोझलिनची आजेसासू. म्हातारी एकच! ते डोक्यात शिरायला वर्षं लागतात. हिच्या लेखी संत्रं देईल ती जाजा. आत्ता दाखवते. ए सेल्विन, हिला फोड दे."

दाढीवाल्या सेल्विनने फोड दिली. शानिकाने ती खाल्ली, त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मामा."

सेल्विन रोझलिनचा भाऊ होता.

"हुशार आहे हं माझी भाची," सेल्विन फुगून म्हणाला.

"गप रे मेल्या!" आजी म्हणाली. "पोरीला सगळं कळतंय म्हटल्यावर शब्द पक्का झाला की."

"मग दुसरं काहीतरी म्हणायला शिकवू," रोझलिन म्हणाली. "मावशी म्हणू दे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आमच्याकडे मावशी म्हणजे आईच, आणि पोरीची आई म्हणजे क्लिफ्टनची बायको. रोझलिनला ते जरा उशिरा कळलं.

"नको! नको म्हणते ना!"

"आत्या?" आजीने सुचवलं.

"म्हणजे आमची बहीण," एक भाऊ कळवळून म्हणाला. "बहिणीसमोर चार तास शिवी नाही, चावट बोलणं नाही. मग सामन्याला जायचं कशाला?"

तरीही आत्या शिकवून पाहिलं. शानिकाने दोन संत्री संपवली आणि प्रत्येक फोडीला "जाजा" म्हणाली.

साडेनऊ वाजले. शेवटी आजीने घरून घोंगडी आणवली आणि चालकाच्या सीटमागे टांगली. नोरीनला आरसा वर फिरवायला लावला. आठ जावई मागच्या दाराने चढले आणि माना खाली घालून बसले. उरलेले दहाही त्यांच्याकडे बघून चूप बसले. बस दोनला दहा कमी असताना मैदानावर पोचली. सामना जिंकला, तरी येतानाही कुणी ब्र काढला नाही.

पुढचा शनिवार अंतिम सामन्याचा होता. आठवडाभर आजीने संत्री खर्चून शानिकाला "ताई" शिकवलं. पोरीची ताई म्हणजे क्लिफ्टनची मुलगी. मुलीच्या गाडीत बापाने गावं, ओरडावं, काय हवं ते करावं. तोवर नोरीनलाही आजीने सगळं नातं समजावून दिलं होतं.

सकाळी बसजवळ शानिकाने फोड खाल्ली आणि नोरीनला म्हणाली, "ताई!"

टीमने आरोळी ठोकली. क्लिफ्टन घोंगडी काढायला पुढच्या पायरीवर चढला.

नोरीनने घोंगडीचं टोक धरून ठेवलं.

"गेल्या खेपेला जाता-येता आठ तास एक शिवी नाही, एक गाणं नाही, बस थांबवा म्हणून कुणाची कटकट नाही," ती लोर्ना आजीला म्हणाली. "मुलीला काय म्हणायचं ते म्हणू दे. जावयांना सांगा, मी जाजाच आहे."

आणि तिने आरसा वर फिरवला.

क्लिफ्टनने आजीकडे पाहिलं. आजीने खांदे उडवले. मग मान खाली घालून तो उतरला आणि मागच्या दाराकडे चालू लागला.